बारा महिने मोजायचे, मग उद्यापन

भाद्रपद लागला की आमच्या दुकानात एका गोळीचा खप वाढतो. पाळी पुढे ढकलायची गोळी. पुण्यात सहकारनगरात आमचं औषधांचं दुकान आहे, काउंटरवर मी बसते, आणि गेल्या बावीस वर्षांत हा हंगाम एकदाही चुकलेला नाही. आधी गणपती-गौरी, मग घट, मग दिवाळी, शेवटी कुणाकडे तुळशीचं लग्न. बायका येतात, शेजारी एखादा पुरुष उभा असेल तर खोकल्याचं औषध निवडत असल्यासारखं करतात, आणि तो गेला की हळूच म्हणतात, "ताई, ती गोळी द्या ना."

पूर्वी मला वाटायचं, या बहुतेक तरुण मुली असणार. तसं नाही. निम्म्याहून जास्त बायका पंचेचाळिशीच्या पुढच्या असतात, कारण तरुण मुलीला आपली तारीख माहीत असते. जिची तारीख हरवली आहे तिला सणाची जास्त धास्ती.

त्या वर्षी गौरींच्या आठ दिवस आधी आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या वहिनी आल्या. वय ४७. मोबाइलमध्ये स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचे फोटो. १९७३ साली कालनिर्णय निघालं तेव्हापासून मराठी घरात ही भिंतीवरची वही झालेली आहे. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला ते, भिशीचा हप्ता आणि लाल पेनाच्या फुल्या. "ही बघा, जूनच्या २४ला आली होती. त्यानंतर पत्ता नाही. आणि आता नेमकी गौरींत येणार, मला माहीत आहे ना. गोळी कधीपासून घेऊ?"

मी फुल्यांमधले दिवस मोजले. फेब्रुवारीपासून २६, मग ३५, मग २२, मग ४१. आणि आता सव्वादोन महिने काहीच नाही.

"वहिनी, ही गोळी तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते," मी म्हटलं. "तुमची तारीख कुठली?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग दोघींनाही हसू आलं.

या हसण्यामागचं शास्त्र जरा सविस्तर सांगते, कारण पाळी जाण्याचं सगळं गणित त्या फुल्यांमध्येच आहे.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. त्यातली पिकून बाहेर पडतात ती आयुष्यभरात जेमतेम ४०० ते ५००. बाकीची आपोआप जिरून जातात. म्हणजे कणगी भरलेली घेऊनच आपण येतो, नवं धान्य पडत नाही. चाळिशीनंतर कणगीचा तळ दिसायला लागतो.

दर महिन्याला मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडून बीजांडकोशाला हाक मारते. तिथलं बीज वाढायला लागतं, त्याच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवतात, त्याने गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन तयार होतं, ते अस्तराला धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं, पाळी येते. साधा हिशेब.

बीजं कमी उरली की हाकेला ओ लवकर येत नाही. मग पिट्युटरी आणखी मोठ्याने हाका मारते. कधी बीज घाईने पिकतं आणि पाळी २२व्या दिवशीच हजर. कधी बीज बाहेर पडतच नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन बनत नाही, नुसतं इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं, आणि दोन महिन्यांनी ते जाडजूड अस्तर ढासळतं तेव्हा धो धो अंगावरून जातं, गाठी पडतात. बायका म्हणतात, "जाता जाता सगळं काढून घेते बघा." रक्त जास्त गेल्याने हिमोग्लोबिन उतरतं, जिना चढताना धाप लागते, आणि "वय झालं" म्हणून ते सोडून दिलं जातं.

लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडायला लागला की डॉक्टर म्हणतात, पाळी जाण्याचा काळ सुरू झाला. ६० दिवसांहून मोठा खंड पडला की तो शेवटच्या टप्प्यात आला, आता साधारण एक ते तीन वर्षं. आणि प्रत्यक्ष "पाळी गेली" असं कधी म्हणायचं? शेवटच्या पाळीनंतर पूर्ण बारा महिने कोरडे गेले की. शेवटची पाळी ही शेवटची होती, हे त्या दिवशी कुणालाच कळत नाही. वर्षभराने मागे वळून सांगावं लागतं. अकराव्या महिन्यात एक फुली पडली, की मोजणी पुन्हा शून्यावर. भारतात सरासरी वय ४६-४७ धरतात, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. ४५च्या आधी गेली तर लवकर, आणि ४० च्या आधी गेली तर वयाच्या नावावर सोडून न देता कारण शोधायलाच हवं.

मराठीत ऋतू हा एकच शब्द हवेलाही आहे आणि पाळीलाही. ऋतू प्राप्त होणं, ऋतुमती, ऋतुशांती, हे आजीच्या तोंडचे शब्द. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी येते आणि पन्नाशीत जाते असं लिहिलेलं आहे, म्हणजे गोष्ट काही नवी नाही. नवं एवढंच की आता बाई त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं जगते.

गोळीकडे परत येते. त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं, कृत्रिम प्रोजेस्टेरॉन म्हणा. नेहमीचा डोस दिवसातून तीन वेळा ५ मिलिग्रॅम. गोळी चालू आहे तोवर अस्तर धरून राहतं, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तारीख ठरलेली असेल तर हे जमतं. पण जिच्या फुल्या २२ पासून ४१ पर्यंत उड्या मारतात, तिने कुठल्या तारखेआधी तीन दिवस मोजायचे? मग बायका अंदाजाने पंधरा-पंधरा दिवस खातात, मध्येच डाग लागतात म्हणून आपणच डोस वाढवतात. आणि या डोसात त्या औषधाचा थोडा भाग शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून जिला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, वजन बरंच जास्त आहे, तंबाखू-मिश्रीची सवय आहे, किंवा अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येतात, तिने ही गोळी मनाने घेणं धोक्याचं आहे. पन्नाशीच्या आसपास यातलं एखादं तरी कारण पुष्कळ जणींना असतं. वर आणखी एक तोटा. अनियमित रक्तस्राव का होतोय हे शोधायच्या वेळी गोळीने त्यावर पडदा पडतो. म्हणून चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. "मागच्या वर्षीची उरलीये" म्हणणाऱ्यांपुढे मात्र माझा इलाज चालत नाही.

पाळीत देवाचं करावं की नाही, हा ज्या-त्या घरचा प्रश्न, काउंटरवर मी त्यात पडत नाही. आमच्या घरी मी तो कधीच निकालात काढला, सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, नंतर बोलल्या.

वहिनींना मी गोळीऐवजी प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी दिली. "काहीतरीच काय ताई! मुलगा इंजिनीअरिंगला आहे माझा." पण अधूनमधून का होईना, बीज बाहेर पडत असतं तोवर दिवस राहू शकतात. म्हणून डॉक्टर सांगतात, पन्नाशीआधी पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्या. पट्टीवर एकच रेघ आली. मग त्या डॉक्टरकडे गेल्या, तिथे कळलं की त्यांची डोकेदुखी नेमकी ती रेषांवाली अर्धशिशी आहे आणि हिमोग्लोबिन ९.८. गोळी बाद झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. पाळी आलीच नाही.

आता वाफा, म्हणजे पाळी जाताना अंगात अचानक उठणारे गरम भडके. पुण्यातून पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो आणि मागे ऑक्टोबर हीट सोडतो. हवेत ओल, डोक्यावर ऊन, सगळ्यांनाच घाम. आयुर्वेदात शरद म्हणजे पित्त खवळण्याचा काळ, आणि "वैद्यानां शारदी माता" असं वैद्यच गमतीने म्हणतात, कारण या दिवसांत रोगी भरपूर. यात पाळीच्या वाफा मिसळल्या की कुठलं काय हे कळेनासं होतं. ओळख अशी: हवेचा उकाडा सगळ्या अंगाला, आणि पंखा लावला की कमी होतो. वाफ छातीतून उठते, मान, कान, चेहरा असा भडका वर चढतो, छाती धडधडते, घामाच्या धारा लागतात, दोन-चार मिनिटांत उतरते आणि मागून हुडहुडी. मला पहिली आली ती दुकानात, हातात इन्सुलिनचं खोकं असताना. दार उघडून फ्रीजपुढे उभी राहिले आणि गिऱ्हाइकाला वाटलं मी औषध शोधतेय.

कारण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे. अंगाचं तापमान एका पट्ट्यात राहील हे तिथली यंत्रणा बघते. गीझरचा कटऑफ बिघडल्यावर जरा पाणी कोमट झालं की खटका पडतो ना, तसं होतं. इस्ट्रोजेन उतरल्यावर तिथल्या काही पेशी जादा चळवळ करतात, पट्टा अरुंद होतो, आणि अंग अगदी जरासं तापलं तरी "आग लागली" समजून घाम सोडला जातो. चारपैकी तीन बायकांना हे कमी-अधिक होतं. किती वर्षं? काहींना वर्षभर, पण सरासरी सात वर्षांच्या आसपास, हे ऐकून बायका काउंटरलाच टेकतात. गरम चहा, तिखट आणि घट्ट सिंथेटिक कपडे यांनी भर पडते. नवरात्रातल्या नऊ रंगांच्या हौसेत पॉलिस्टरच्या साड्या फार, आणि ती नऊ रंगांची प्रथा काही पुराणातली नव्हे. सुती नेसा, रंग कुठलाही चालतो देवीला. मात्र रात्रीच्या घामासोबत ताप किंवा वजन घटणं असेल, तर ते पाळीच्या खात्यावर टाकू नका. थायरॉइड आणि क्षय दोन्ही तपासून घ्या.

नवरात्रात दुसरा प्रश्न असतो, "ताई, गोळीने उपास मोडतो का?" नाही मोडत. पण गोळी सोडल्याने तब्येत मोडते. नऊ दिवस फक्त पाणी किंवा फक्त फळं असा कडक उपास धरणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायका बीपीची गोळी "रिकाम्या पोटी नको" म्हणून सोडतात आणि सहाव्या माळेला चक्कर येऊन पडतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांचं उलटं. जेवण नसताना त्या घेतल्या की साखर एकदम खाली येते, आणि साखर उतरल्याचा घाम आणि वाफेचा घाम यांत फरक कळत नाही. घट बसायच्या आधी डॉक्टरांना विचारून उपासाचं औषधपत्रक करून घ्या, एवढंच माझं म्हणणं. थायरॉइडची गोळी मात्र उपासाला सोयीचीच, ती सकाळी रिकाम्या पोटी पाण्यासोबतच घ्यायची असते. तिच्यानंतर चार तास कॅल्शियम आणि लोह नको, नाहीतर ती शोषलीच जात नाही. लोहाची गोळी चहासोबत तर अजिबात नको, आणि लोह व कॅल्शियमही एकत्र नको. हे वेळापत्रक मी पाकिटावर पेनाने लिहून देते. तोंडी सांगितलेलं पर्वतीच्या पायथ्यापर्यंतही टिकत नाही.

साबुदाण्याबद्दल थोडं कडू बोलते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. इस्ट्रोजेन उतरल्यावर चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, स्नायू घटतात, साखर चढायला सोपी होते. नेमक्या या वयात नऊ दिवस खिचडी, वडे आणि साबुदाण्याचे पापड म्हणजे पोटाला आमंत्रण. राजगिरा त्याहून कितीतरी बरा, त्यात प्रथिनंही आहेत आणि कॅल्शियमही. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, सोबत काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही, हे ताट आपल्या आजीने जमवून ठेवलेलं आहे. उपासाच्या नावाखाली ते विसरून आपण तळणात शिरलो.

हाडांचं बायकांना सगळ्यात उशिरा पटतं, कारण हाड मोडेपर्यंत ते कधी बोलत नाही. हाडात रोज थोडं जुनं काढून नवं भरण्याचं काम चालू असतं. इस्ट्रोजेन काढणाऱ्यांना आवरून धरतं. ते गेलं की काढणं भरण्यापेक्षा वेगाने होतं, आणि पाळी जायच्या आसपासची पाच-सात वर्षं सर्वांत जास्त. दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कोजागरीचा पेलाभर आटीव दूध प्यायलं तर २०० ते ३०० मिळतील, केशर-बदामाने आकडा फार वाढत नाही. एका कोजागरीने वर्ष निघत नाही, रोज दूध-दही-ताक, नाचणीची भाकरी, तीळ, पालेभाज्या हव्यात. आणि चांदण्यात ठेवलेल्या दुधात ड जीवनसत्त्व उतरत नाही. त्याला अंगावर ऊन लागतं, आणि पुण्यात पावसाळ्याचे चार महिने ते जेमतेमच मिळतं. म्हणून ऑक्टोबरात रिपोर्ट घेऊन बायका येतात आणि डॉक्टर आठवड्याला एक, ६०,००० युनिटची पुडी देतात. ठरलेले आठवडे संपले की ती थांबवायची असते. एक बाई पुड्या दीड वर्ष खात होत्या, "ताकद येते" म्हणून. ड जीवनसत्त्व साठत जातं, जादा झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढून मूत्रपिंडावर येतं.

ऑक्टोबरात इकडे जत्रा, तिकडे तपासण्यांची जत्रा. सण जसे तिथीला, तसे हे "दिन" तारखेला. आख्खा महिना गुलाबी फितीचा, स्तनांच्या कर्करोगाच्या जागृतीचा. १८ ऑक्टोबर जागतिक रजोनिवृत्ती दिन, २० ऑक्टोबर हाडांच्या ठिसूळपणाचा. आमच्या राज्य सरकारनेही २०२२ साली "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" हे बायकांच्या तपासणीचं अभियान घटस्थापनेलाच सुरू केलं. नाव मला फारसं रुचलेलं नाही, बाई सुरक्षित असायला घराचं निमित्त कशाला, पण नवरात्र निवडणाऱ्याला बायकांचं कॅलेंडर कळतं हे खरं.

या दिवसांत सोसायटीत शिबिरं लागतात, सवलतीची पॅकेजं निघतात. त्यातलं काय घ्यावं? हिमोग्लोबिन, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, बीपी हे घ्यावं, कारण पाळी जाताना कोलेस्टेरॉल चढतं आणि हृदयविकारापासून मिळणारं संरक्षण संपतं. डॉक्टरच्या हातून स्तनांची तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ती आहे, सोबत तोंडाची आणि गर्भाशयाच्या मुखाचीही. मॅमोग्राफी कधी आणि किती वर्षांनी, हे घरच्या इतिहासावरून डॉक्टर ठरवतील. पण "मेनोपॉज पॅकेज" मधली एफएसएचची चाचणी पंचेचाळिशीनंतर बहुधा पैसे वाया. त्या काळात हा आकडा या आठवड्यात उंच, पुढच्या महिन्यात खाली असा नाचतो. फुल्यांचं कॅलेंडर त्याहून जास्त सांगतं, तेही फुकट. टाच मशीनमध्ये ठेवून हाडं मोजतात ती डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी खरी तपासणी, नव्हे, आणि अशी बरीच शिबिरं कॅल्शियम विकणारेच भरवतात. डेक्सा कमरेची आणि खुब्याची होते. तिचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा खाली गेला तर हाडं ठिसूळ. पाळी फार लवकर गेलेल्या, स्टेरॉइड घेणाऱ्या, किंवा साध्या पडण्याने मनगट मोडलेल्या बाईने पासष्टीची वाट न बघता ती करावी. आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. स्वतःचं वजन पायांवर पेलत चढणं हाडाला जे सांगतं ते गोळी सांगत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर तळजाईवर सपाटीने चाला.

आता मी सगळ्यांत जास्त आवाज चढवून सांगते ती गोष्ट. बारा महिने पूर्ण झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी ती पाळी नव्हे. ती पुन्हा "सुरू" होत नसते. बायका मात्र खूश होतात. मागे एक आजी, वय ६१, पॅड घ्यायला आल्या, लाजून म्हणाल्या, "बघा की, पुन्हा तरुण झाले." मी पॅड बाजूला ठेवलं आणि त्यांच्या सुनेला फोन लावायला सांगितला. अशा रक्तस्रावाचं कारण बहुतेक वेळा अस्तर किंवा योनीची त्वचा पातळ होणं असतं, पण काही जणींत तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो, आणि लवकर कळला तर हा कर्करोग बरा होणाऱ्यांपैकी आहे. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटरच्या वर असेल किंवा रक्त पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तुकडा काढून तपासतात. आजींचं अस्तर पातळ निघालं, मलम दिलं, आटोपलं.

इथे मला ऋषिपंचमी आठवते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायका रस्त्यावर बसून अथर्वशीर्ष म्हणतात, आणि त्याच दिवशी घरोघर बैलाच्या श्रमाचं न खाता ऋषीची भाजी शिजते. व्रतामागची जुनी कल्पना पाळीच्या दोषाची, ती मला मान्य नाही. पण पाळी गेल्यावर काही वर्षं व्रत करून मग उद्यापन, अशी पुष्कळ घरांत रीत आहे. म्हणजे पाळी गेली हे चारचौघींत जाहीर सांगायची एक जागा आपल्याकडे होती. सासूबाईंनी उद्यापन केलं तेव्हा सात जणी जेवायला होत्या आणि दुपारभर पानसुपारीबरोबर वाफा, झोप, अंगाची आग, नवऱ्याचं न समजणं, सगळं निघालं. मी तेव्हा तिशीत होते, ऐकून घाबरले होते. पुढे तेच कामाला आलं.

ज्यांची "पिशवी काढली" आहे त्यांचं वेगळं. गर्भाशय काढलं आणि बीजांडकोश ठेवले तर पाळी थांबते, पण संप्रेरकं चालू राहतात, वाफा पुढे वयानुसार येतात, कधी इतरांपेक्षा जरा लवकर. बीजांडकोशही काढले तर उतार एका रात्रीत, आणि त्रास तसाच तीव्र. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांमधल्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, सरकारने चौकशी समिती नेमली. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि फडावर खाडा परवडत नाही म्हणून तिशीतल्या बायका पिशवी काढून आलेल्या. आमच्या गोळीच्या हंगामात आणि त्यांच्या ऑपरेशनात मला एकच सूत दिसतं, फक्त तिथे किंमत फार मोठी आहे.

हार्मोनच्या उपचारांची भीती २००२ पासूनची. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास तेव्हा धोके दिसले म्हणून मध्येच थांबवला गेला, आणि जगभर बायकांनी गोळ्या फेकल्या. पुढे आकडे उलगडले तेव्हा दिसलं, त्यातल्या बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या होत्या. आता धोरण असं की त्रास खरोखर जास्त असेल, वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर बहुतेक निरोगी बायकांत फायदा धोक्यापेक्षा जास्त. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, अस्तर वाढू नये म्हणून. स्तनाचा कर्करोग, गुठळी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत. आणि खालचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, पुन्हा पुन्हा लघवीची जळजळ, यांवर जागच्या जागी लावायचं इस्ट्रोजेनचं मलम असतं. त्याबद्दल बायका मला कधीच विचारत नाहीत. रिकामी ट्यूब कागदात गुंडाळून आणतात आणि काउंटरवर ठेवतात.

त्या वर्षी नवरात्रातल्या अष्टमीला रात्री दहा वाजता गिरणीवाल्या वहिनींचा मेसेज आला, "आली." पुढे हसण्याचा आणि रडण्याचा एकेक चेहरा. चतुःशृंगीला जाऊन आल्या होत्या त्याच दिवशी. जवळपास साडेतीन महिन्यांचं मोजलेलं पुसलं, पुन्हा शून्य. दिवाळीत लोहाच्या गोळ्या न्यायला आल्या, म्हणाल्या, काकड्याला पहाटे उठते, कारण चारला जाग येतेच, मग पडून काय करायचं. दुपारचा चहा तेवढा सोडायला मी सांगितला.

डिसेंबरात नवं कॅलेंडर आलं. ते टांगायच्या आधी त्यांनी जुन्यावरच्या सगळ्या फुल्या तारखांसकट शेवटच्या पानावर उतरवून घेतल्या, डॉक्टरला दाखवायला. खाली पट्टीने बारा चौकोन आखले. मी फोटो पाहिला तेव्हा त्यातले दोन रंगवून झाले होते.